कुंचला कोणाच्या मालकीचा?

दर वर्षीं दहावी-बारावीचे निकाल लागून शाळा-कॉलेजांचे प्रवेश सुरू झाले, कीं आमच्याकडे एका विशिष्ट प्रकारचे पालक येऊं लागतात. ज्यांच्या मुलांना डॉक्टर किंवा इंजिनियर व्हावयाचें असतें त्यांना आमच्या सल्ल्याची गरज नसते, आणि द्यावयास आमच्यापाशीं तो नसतोही. आमच्याकडे येणारे पालक थोडे ओशाळलेले असतात. मुलाचा किंवा मुलीचा हात चित्रकलेंत चांगला आहे, एलिमेंटरी व इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा चांगल्या श्रेणींत उतरल्या आहेत, आणि आतां संगणकावर चित्रें काढण्याचें कोणतें सॉफ्टवेअर घ्यावें व टॅब्लेट कोणता घ्यावा, हा त्यांचा प्रश्न असतो. यंदा दर्यापूर तालुक्यांतील एक कास्तकार गृहस्थ असेच आले. त्यांच्या एका हातांत अमरावतींतील एका संगणक-वर्गाचें माहितीपत्रक होतें व दुसऱ्या हातांत एका दुकानदारानें लिहून दिलेला किंमतींचा कागद होता. दोन्ही कागद आम्हीं त्यांना समजावून सांगितले. तें सर्व शांतपणें ऐकून घेऊन ते म्हणाले, "बियानं त दरसाली इकत घ्याच लागते, हे आमाले समजते, पन पोराचा कुंचलाबी दर महिन्याले इकत घ्या लागते काय, भाऊसाहेब?"

वाचकहो, या एका वाक्यांत प्रस्तुत निबंधाचें सर्व सार आलेलें आहे. आमचे सुशिक्षित लोक सॉफ्टवेअरची निवड ही साबणाच्या वडीसारखी समजतात. ज्याची जाहिरात मोठी तें उत्तम, व शेजाऱ्यानें घेतलें तें आपणही घ्यावें, यापलीकडे त्यांचा विचार जात नाहीं. त्या अल्पशिक्षित कास्तकारानें मात्र प्रश्नाचें मर्म अचूक धरलें. 'चांगलें कोणतें' हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न 'माझें कोणतें' हा आहे. आणि आमचें म्हणणें आम्ही आरंभींच सांगून टाकतों. वऱ्हाडांत ज्याला चित्रकला शिकावयाची आहे त्यानें, आणि ज्यांना ती शिकवावयाची आहे त्या शाळांनीं व वर्गांनीं, आरंभ मुक्त सॉफ्टवेअरवरच करावा. भाड्याचें सॉफ्टवेअर, जेव्हां त्याचें भाडें कामांतून सुटेल तेव्हां, डोळे उघडे ठेवून घ्यावें. चोरलेलें मात्र केव्हांही घेऊं नये.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वीं अकोल्याच्या टिळक रोडवरून किंवा अमरावतीच्या राजकमल चौकांतून जो फिरला असेल, त्याला दुकानांच्या पाट्या रंगविणारे पेंटर आठवत असतील. शिडीवर चढून, काठीवर मनगट टेकून हा माणूस एका दमांत 'श्री'ची वेलांटी अशी फिरवी, कीं खालीं उभा राहिलेला माणूस पाहत राही. त्याची विद्या कोणत्याही कॉलेजांतली नव्हती. पण त्याची अवजारें त्याचीं होतीं. कुंचला एकदां विकत घेतला कीं तो झिजेपर्यंत त्याचा असे. रंगाच्या डब्यावर दर महिन्याला कोणी हप्ता मागत नसे. १९३१ सालीं दांडेकर बंधूंनीं मुंबईंत शाईपासून आरंभिलेल्या कॅम्लिनच्या धंद्याची मालकी पुढें बहुतांशीं जपानी कंपनीकडे गेली. पण त्या छापाची रंगपेटी ज्या मुलानें विकत घेतली, तिच्यांतल्या वड्या त्यामुळें कांहीं वाळून गेल्या नाहींत. मालक बदलला, अवजार बदललें नाहीं.

मग फ्लेक्स छापणारीं यंत्रें आलीं. श्रावणांत अकोल्यास राजराजेश्वराच्या कावडयात्रेच्या वेळीं, गणपतींत, निवडणुकींत आणि कोणाही पुढाऱ्याच्या वाढदिवशीं जे फलक रस्तोरस्तीं झळकतात, त्यांनीं पेंटरची शिडी भिंतीला टेकवून ठेवली. जे पेंटर तरुण होते त्यांनीं संगणक शिकून घेतला. बहुतेक ठिकाणीं तो कोरलड्रॉवर, म्हणजे १९८९ सालीं निघालेल्या एका कॅनडांतील सॉफ्टवेअरवर. आणि छायाचित्रांसाठीं फोटोशॉपवर, जें १९९० सालीं अमेरिकेंत बाहेर पडलें. यंत्र आलें याबद्दल आम्हांस दुःख नाहीं. दुःख याचें, कीं हात बदलतांना हातांतल्या अवजाराची मालकी कोठें गेली, हें कोणीं पाहिलेंच नाहीं.

ती कोठें गेली तें पाहूं. २०१२ पर्यंत फोटोशॉप हें एकदां किंमत मोजून कायमचें घेतां येत असे. २०१३ सालीं अॅडोबी कंपनीनें जाहीर केलें, कीं यापुढील आवृत्त्या भाड्यानेंच मिळतील. आणि २०१७ मध्यें शेवटच्या विकाऊ आवृत्तीची विक्रीही थांबली. वऱ्हाडांतील शेतकऱ्याला ही गोष्ट निराळ्या शब्दांत सांगण्याची आवश्यकता नाहीं. एके काळीं तो आपल्या पिकांतून निवडक बीं राखून ठेवी. संकरित बियाणें आलें, २००२ सालीं बी.टी. कापसाला परवानगी मिळाली, आणि घरीं राखलेलें बीं दुसऱ्या सालीं पहिल्यासारखें पीक देईना. उत्पन्न वाढलें असेल, बोंडअळीपासून कांहीं वर्षें रक्षणही झालें असेल. पण पेरणीच्या आधीं दुकानाची पायरी चढणें हें त्याच्या नशिबीं कायमचें आलें. शेतकऱ्याला निदान बियाणें बदलण्याची तरी मुभा आहे. भाड्याच्या सॉफ्टवेअरमध्यें ज्यानें दहा वर्षांचें काम सांठविलें, त्याचें मागचें पीकही त्याच कोठारांत अडकून पडतें.

कोणी म्हणेल, हा कल्पनेचा बागुलबोवा आहे. तर घडलेल्या गोष्टी सांगतों. २०१९ च्या ऑक्टोबरांत अमेरिकन सरकारच्या एका हुकुमामुळें व्हेनेझुएला देशांतील सर्व ग्राहकांचीं खातीं बंद करण्यांत येतील असें अॅडोबीनें जाहीर केलें. पुढें सरकारची खास परवानगी मिळाल्यावर तें टळलें. परंतु कांहीं आठवडे एका संपूर्ण देशांतील चित्रकार आपल्या पोटाचें साधन परक्या सरकारच्या लहरीवर टांगलेलें पाहत होते. २०२२ च्या नोव्हेंबरांत पॅन्टोन या रंगांच्या कंपनीचा व अॅडोबीचा करार बदलला, आणि त्यांतले रंग वापरून पूर्वीं केलेल्या चित्रांतील ते ते भाग, निराळें शुल्क भरल्याशिवाय, काळे दिसूं लागले. विकत घेतलेल्या लुगड्याचा रंग दुकानदारानें घरीं येऊन काढून न्यावा, यांतलाच हा प्रकार! २०२४ च्या जूनमध्यें खुद्द अमेरिकन सरकारनें या कंपनीवर फिर्याद केली, ती अशी, कीं मुदतीआधीं करार मोडल्यास भरावा लागणारा दंड ग्राहकापासून लपविला जातो. आणि फ्रीहँड नांवाच्या उत्तम सॉफ्टवेअरचें काय झालें? २००५ सालीं मॅक्रोमीडिया कंपनीसह तें अॅडोबीकडे आलें, व २००७ मध्यें त्याचा विकास थांबविण्यांत आला. तें खरेदी करणारांचा त्यांत कोणताही अपराध नव्हता.

आतां आमचे चतुर लोक हंसून म्हणतात, "पण येथें भाडें देतो कोण?" आणि हें दुर्दैवानें खरें आहे. आमच्याच माहितीच्या एका वर्गांत विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशीं जें शिकविलें जातें तें रेषा काढणें नव्हे, तर सॉफ्टवेअरचें कुलूप फोडणें होय. शिक्षक एक पेनड्राइव्ह फिरवितात, मुलें आपापल्या यंत्रांत ती प्रत उतरवून घेतात, आणि फी मात्र 'फोटोशॉपचें प्रशिक्षण' या नांवानें रोख घेतली जाते. याला कोणी स्वदेशी बुद्धिमत्ता म्हणतात. आम्ही याला दुहेरी दास्य म्हणतों. ज्या अमरावतीनें १८९७ सालीं राष्ट्रीय सभेचें अधिवेशन भरविलें, दादासाहेब खापर्ड्यांनीं जेथें स्वदेशीचा पुरस्कार केला, तेथें परदेशी माल चोरून वापरणें याला स्वदेशी म्हणावयाचें असेल, तर त्या शब्दाचा अर्थच पुन्हां लावावा लागेल. त्या काळच्या माणसांनीं विलायती कापड चोरून अंगावर घातलें नाहीं. ते जाडेंभरडें नेसले. शिवाय चोरीच्या प्रतीनें कंपनीचें नुकसान होतें हाही एक भ्रमच आहे. चोरीच्या प्रतीवर शिकलेला मुलगा त्या एकाच सॉफ्टवेअरचा बंदा होतो, आणि उद्यां नोकरीवर गेला कीं त्याच्या मालकाला तेंच भाड्यानें घ्यावें लागतें. फुकट चाखावयास दिलेल्या अफूची जी नीति, तीच ही. कुलूप फोडणाऱ्या त्या प्रतींतून विषाणू येतात, सुधारणा मिळत नाहींत, आणि केलेलें काम उघड्या माथ्यानें 'हें मीं याच्यावर केलें' असें सांगतां येत नाहीं, हें निराळेंच.

मग मार्ग कोणता? तो नवा नाहीं. क्रिता नांवाचें चित्र रंगविण्याचें सॉफ्टवेअर आहे. त्याची संस्था नेदरलंडमध्यें आहे, पण तें लिहिणारे निरनिराळ्या देशांत आहेत. गिम्प हें छायाचित्रें सुधारण्याचें सॉफ्टवेअर १९९५ सालीं कॅलिफोर्नियांतील दोन विद्यार्थ्यांनीं लिहावयास घेतलें. इंकस्केप हें २००३ पासून आहे, व कोरलड्रॉप्रमाणें रेषांच्या आकृतींसाठीं आहे. हलतीं चित्रें व त्रिमिति यांसाठीं ब्लेंडर आहे. हीं सर्व मुक्त आहेत. 'मुक्त' म्हणजे केवळ फुकट नव्हे. त्यांचा मूळ मजकूर कोणालाही वाचतां येतो, बदलतां येतो, त्याच्या प्रति कायदेशीरपणें वाटतां येतात, आणि एखादी संस्था उद्यां बुडाली तरी तो मजकूर दुसऱ्या कोणाला पुढें चालवितां येतो. ब्लेंडरचाच इतिहास पाहा. ज्या कंपनीपाशीं तें होतें ती बंद पडल्यावर २००२ सालीं वापरणाऱ्या लोकांनीं एक लक्ष युरो वर्गणी जमविली व तें कायमचें मोकळें करून घेतलें. फ्रीहँड विकत घेणारांच्या नशिबीं जें आलें नाहीं, तें ब्लेंडर वापरणारांनीं स्वतः घडवून आणलें. मालकी या शब्दाचा अर्थ याहून स्पष्ट कसा सांगावा?

'फुकट तें हलकें' हा आक्षेप नेहमींचाच. २०२५ सालीं सर्वोत्कृष्ट अॅनिमेशनपटाचें ऑस्कर पारितोषिक लाटवियांतील 'फ्लो' या चित्रपटास मिळालें. तो ब्लेंडरमध्यें केलेला आहे. फ्रान्समधील डेव्हिड रेव्हॉय हे चित्रकार २०१४ पासून 'पेपर अँड कॅरट' ही चित्रकथा क्रितावर काढीत आहेत व जगापुढें खुली ठेवीत आहेत. ज्याला क्रिता हलकें वाटतें, त्यानें तीं चित्रें आधीं पाहावींत, आणि मग आपला हात व त्यांचा हात यांत अंतर सॉफ्टवेअरचें आहे कीं आणखी कशाचें, तें ठरवावें. 'नाचतां येईना अंगण वांकडें' ही म्हण आमच्या भाषेंत कांहीं उगीच झालेली नाहीं.

परंतु पक्षपात करण्याची आमची इच्छा नाहीं. मुक्त सॉफ्टवेअरमध्यें उणीवा आहेत आणि त्या झांकल्यानें वाचकांचा विश्वास आम्ही गमावूं. छपाईच्या चार रंगांत थेट काम करणें गिम्प व इंकस्केप यांना नीटसें साधत नाहीं. तेथें क्रिता किंवा पुस्तकाच्या जुळणीसाठीं स्क्राइबस यांचा आधार घ्यावा लागतो. क्रितामध्यें मजकूर बसविण्याची सोय फार दिवस कच्ची होती. २०२३ सालच्या ५.२ या आवृत्तींत ती नव्यानें लिहिण्यांत आली, तरी मोठ्या मजकुरासाठीं इंकस्केपच बरें. क्रिताची टॅब्लेटवरील आवृत्ति संगणकावरील आवृत्तीइतकी पक्व नाहीं. आणि गांवांतला फ्लेक्सवाला आपली फाइल कोरलड्रॉचीच मागतो. हा शेवटचा अडथळा मात्र दिसतो तितका मोठा नाहीं. फ्लेक्सच्या यंत्राला कोरलड्रॉ कळत नाहीं. त्याला ठिपक्यांचें चित्र कळतें. टिफ किंवा पी.डी.एफ. या रूपांत पूर्ण मापाची फाइल दिली, तर दुकानदार कुरकुर करील, पण छापील. चार गिऱ्हाइकांनीं तशी दिली, तर कुरकुरही थांबेल.

आतां टॅब्लेटविषयीं. आयपॅडवरील प्रोक्रिएट हें टास्मानियांतील होबार्ट गांवच्या एका कंपनीचें सॉफ्टवेअर २०११ पासून आहे, आणि न्यायानें बोलावयाचें तर तें एकदां पैसे घेऊन कायमचें देतात. हा सौदा प्रामाणिक आहे. पण तें आयपॅडशिवाय दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर चालत नाहीं. म्हणजे कुंचला स्वस्त, आणि तो ठेवावयाची पेटी एकाच कारखान्याची! जपानचें क्लिप स्टुडिओ पेंट हें चित्रकथा काढणारांचें आवडतें. संगणकासाठीं तें एकदां विकत मिळतें, परंतु टॅब्लेटसाठीं भाड्यानेंच घ्यावें लागतें. अॅफिनिटी हें विलायतेंतील सॉफ्टवेअर कैक वर्षें एकरकमी विकलें जाई. २०२४ सालीं कॅनव्हा कंपनीनें तें विकत घेतलें व २०२५ सालीं, आपल्याकडे खातें उघडण्याच्या अटीवर, फुकट देऊं केलें. तें घेणारांना आम्ही नांवें ठेवीत नाहीं. इतकेंच सांगतों, कीं जी वस्तु एका मालकाच्या इच्छेनें फुकट झाली, ती त्याच मालकाच्या इच्छेनें महागही होऊं शकते. दान आणि हक्क यांतला भेद तो हाच.

दर्यापूरच्या त्या गृहस्थांना आम्हीं काय सांगितलें तें येथें सांगणें उचित होईल. दुकानदाराच्या कागदावर आयपॅड व त्याची पेन्सिल यांची जी किंमत होती, तिच्या साधारण दहाव्या हिश्शांत पडदा नसलेली साधी लेखणी-पाटी मिळते. तिच्या लेखणींत बॅटरी नसते, हाताचा दाब तिला कळतो, आणि ती घरांतल्या साध्या संगणकाला जोडतां येते. पाहावयाचें पडद्यावर व हात चालवावयाचा मेजावर, याची संवय होण्यास पंधरा दिवस लागतात, आणि तेवढे दिवस मुलगा चिडचिड करील, हेंही आम्हीं त्यांना सांगितलें. संगणक जुना असला तरी चालतो; त्याची स्मृति आठ जी.बी.ची असावी. त्यावर क्रिता व इंकस्केप घालावें. एक वर्ष यावर काम करून हात जर वाढला, आणि कोणी पैसे देऊन काम सांगूं लागला, तर मग त्या पैशांतून हवें तें यंत्र व हवें तें सॉफ्टवेअर घ्यावें. कापूस विकण्याच्या आधीं सोनें घेणारा माणूस वऱ्हाडांत शहाणा समजला जात नाहीं. मग शिकण्याच्या आधीं कर्ज काढून टॅब्लेट घेणारा कां समजला जावा?

या चर्चेंत एक गोष्ट सर्वांच्या मागें पडते, आणि आमच्या मतें ती सर्वांहून महत्त्वाची आहे. ती म्हणजे चित्र कोणत्या लिपींत सांठविलें जातें ही. अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपूर हें महानुभाव पंथाचें क्षेत्र प्रसिद्धच आहे. लीळाचरित्रासारखा मराठीचा आद्य गद्यग्रंथ तेराव्या शतकांत झाला. पण पंथाचे ग्रंथ पुढें सकळ इत्यादि सांकेतिक लिप्यांत लिहिले जाऊं लागले, आणि पंथाबाहेरच्या मराठी माणसाला आपल्याच भाषेचें हें धन कित्येक शतकें वाचतां आलें नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं राजवाडे, भावे इत्यादि संशोधकांच्या परिश्रमानें व कांहीं उदार महंतांच्या साहाय्यानें तें उघडें झालें. त्या साधूंना लिपी गुप्त ठेवण्यास कारण होतें. त्यांना आपले ग्रंथ जपावयाचे होते. आज जीं सॉफ्टवेअरें आपलीं चित्रें अशा रूपांत सांठवितात कीं तीं दुसऱ्या कोठेंही धड उघडूं नयेत, त्यांना कोणता धर्म जपावयाचा आहे? गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानीं जाऊं नये, एवढाच! कोरलड्रॉची फाइल इंकस्केपमध्यें कधीं उघडते, कधीं अर्धीच उघडते, तीही कांहीं लोकांनीं खपून तिची लिपी उलगडली म्हणून. याच्या उलट एस.व्ही.जी. ही इंकस्केपची लेखनपद्धति २००१ पासून जगन्मान्य आहे व तिचें व्याकरण कोणासही वाचावयास मिळतें.

मराठी माणसानें या बाबतींत एकदां ठेंच खाल्लेली आहे. ज्या छापखान्यांनीं आपले जुने दिवाळी अंक पेजमेकरवर जुळविले त्यांना विचारावें. पेजमेकरची शेवटची आवृत्ति २००१ सालची. आणि तेव्हांचे मराठी टंक असे, कीं रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरीचे तुकडे बसविलेले. टंक गेला कीं मजकुराच्या जागीं रोमन अक्षरांचा केवळ काला उरतो. किती कवितासंग्रह, किती गांवांचे इतिहास अशा फाइलींत आज मुके होऊन पडले असतील! युनिकोडनें लेखनाचा हा प्रश्न सोडविला, आणि मुंबईच्या एक टाइप या मंडळीनें केलेले मुक्त, बलू यांसारखे टंक आज कोणासही मोकळेपणें वापरतां येतात. गिम्प व इंकस्केप यांत त्यांचीं जोडाक्षरें नीट उमटतात. अक्षरांची मुक्तता ज्यांनीं मिळविली, त्यांनीं चित्रें पुन्हां त्याच कोंडवाड्यांत घालावींत, हें शहाणपणाचें नव्हे.

दुसऱ्याच्या ओंजळीनें पाणी पिण्याचा अनुभव अमरावतीला आणखी एका रीतीनें आलेला आहे. २०२१ च्या नोव्हेंबरांत दंगली झाल्या तेव्हां शहरांतील इंटरनेट सरकारनें कांहीं दिवस बंद ठेविलें. ज्यांचें चित्र परदेशीं कोठें तरी 'क्लाउड'वर होतें व सॉफ्टवेअरही तेथूनच चालत होतें, त्यांचा धंदा त्या दिवसांत थांबला. ज्यांचें सर्व कांहीं आपल्या मेजावर होतें त्यांचा थांबला नाहीं. हा न्याय दंगलीपुरताच आहे असें नाहीं. मेळघाटांतील एखाद्या आश्रमशाळेंत रोजच इंटरनेट जेमतेम असतें. तेथील कोरकू मुलाच्या हातीं आपण कोणतें अवजार देणार आहों?

दुसरीकडून कांहीं जुने कलाशिक्षक आम्हांस म्हणतील, "हा सगळा वादच व्यर्थ, यंत्रावर काढलेलें चित्र हें चित्रच नव्हे." त्यांच्याविषयीं आदर राखून आम्ही विचारतों, कीं शिळाछापाचा दगड हें यंत्र नव्हतें काय? राजा रविवर्म्यानें १८९४ सालीं मुंबईंत छापखाना काढला, आणि त्याचीं देवदेवतांचीं चित्रें आमच्या आज्यांच्या देवघरांत त्या यंत्रानेंच पोंचलीं. यंत्रानें कला मरत नाहीं. परंतु त्यांच्या म्हणण्यांत जो सत्याचा अंश आहे तो आम्हांस मान्य आहे. ज्यानें कागदावर पेन्सिलीनें हजार रेषा ओढल्या नाहींत, त्याला कोणतेंही सॉफ्टवेअर चित्रकार करणार नाहीं. चूक पुसण्याची सोय जितकी सुलभ, तितकें चुकीपासून शिकणें दुर्लभ. म्हणून सॉफ्टवेअर कोणतेंही असो, वहीची जागा त्यानें घेऊं नये.

सगळ्यांत मोठा आक्षेप नोकरीचा. "पुण्या-मुंबईस फोटोशॉपच विचारतात, तुमचें क्रिता शिकून पोरगा उपाशी मरेल." हा आक्षेप खोटा नाहीं, म्हणूनच त्याचें उत्तर नीट दिलें पाहिजे. चित्राचे थर, मुखवटे, रंगांचें मिश्रण, प्रकाशाच्या श्रेणी, वक्ररेषा या कल्पना सर्व सॉफ्टवेअरांत त्याच आहेत. बदलते ती बटणांची जागा. अकोल्यांत मोटार शिकलेला माणूस मुंबईंत गाडी चालवूं शकत नाहीं असें कोणी म्हणत नाहीं. ज्याला कल्पना कळल्या तो नवीं बटणें थोड्या आठवड्यांत शिकतो, आणि तेव्हां भाडें त्याचा मालक भरतो. उलट ज्याला नुसतीं बटणेंच शिकविलीं, तो पुढच्या आवृत्तींत बटण हललें कीं पुन्हां वर्गांत येऊन बसतो. त्या वर्गांचा धंदा त्यावरच चालतो, हें आम्हांस ठाऊक आहे. पण विद्यार्थ्याचा धंदा त्यावर चालणार नाहीं.

केरळनें हें काम करून दाखविलें आहे. तेथील सरकारी शाळांत कित्येक वर्षें मुक्त प्रणालीचे संगणक असून मुलें गिम्प व इंकस्केप यांवर चित्रें काढतात. त्यासाठीं राज्याला भाडें भरावें लागत नाहीं, व शिक्षकाला कुलूप फोडावें लागत नाहीं. केंद्र सरकारनेंही २०१५ सालीं आपल्या कचेऱ्यांसाठीं मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचें धोरण जाहीर केलें. मग अमरावती-अकोल्याच्या शाळांना, कलामहाविद्यालयांना आणि वर्गांना कोणी अडविलें आहे? अडचण पैशाची नाहीं. कारण येथें पैसाच लागत नाहीं. अडचण आहे ती शिक्षकांच्या आळसाची, पालकांच्या भीतीची, आणि मराठींत चांगली मार्गदर्शिका नसण्याची. पैकीं शेवटची अडचण दूर करणें तर सर्वस्वीं आपल्याच हातीं आहे. या सॉफ्टवेअरांच्या मार्गदर्शिका भाषांतरित करण्याची मुभा सर्वांना आहे. दरसाल कवितांचे इतके संग्रह काढणाऱ्या आमच्या वऱ्हाडांत एक मार्गदर्शिका मराठींत आणणारे चार लोक निघूं नयेत काय?

तोंपर्यंत पालकांनीं कोणतेंही सॉफ्टवेअर घेण्यापूर्वीं दुकानदाराला पांच प्रश्न विचारावे. पैसे भरणें थांबविलें तर माझ्या मुलाचें जुनें चित्र उघडेल काय? इंटरनेट नसतां तें चालेल काय? तें चित्र दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचतां येईल अशा रूपांत मला देतां येईल काय? यंत्र बदललें तर पुन्हां विकत घ्यावें लागेल काय? आणि त्यांत 'ज्ञ', 'क्ष', 'र्‍य' हीं अक्षरें धड उमटतील काय? ज्याचीं उत्तरें सरळ येतील तें घ्यावें, मग तें कोणत्याही देशाचें असो. दुकानदार 'सगळे हेंच घेतात' असें म्हणूं लागला, तर समजावें कीं उत्तर त्याच्यापाशीं नाहीं, आणि नमस्कार करून उठावें.

दर्यापूरच्या गृहस्थांनीं तेंच केलें. त्यांच्या मुलाला साधी लेखणी-पाटी मिळाली आहे. वर्गाचें माहितीपत्रक मात्र त्यांनीं परत नेलें नाहीं. तें आमच्या मेजावर अजून पडलेलें आहे. त्याच्या वरच्या अंगाला ठळक अक्षरांत 'आपल्या कलेला स्वातंत्र्य द्या' असें छापलेलें असून, खालीं बारीक अक्षरांत मासिक हप्त्याचा तक्ता आहे.